क्षार आणि आम्ल : घरातील डागांचा इतिहास

इतिहासकार राजवाडे, किल्ले आणि लढाया यांच्या नोंदी ठेवतात. घरातील मोरीकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. आणि तरीही मानवी संस्कृतीचा बराच मोठा भाग त्या मोरीपाशी घडलेला आहे. अन्न शिजविण्याची कला मनुष्याला ज्या दिवशी साधली, त्याच दिवशी भांड्याच्या बुडाशी धरलेली खरवड आणि बाहेरून चढलेली काजळी काढण्याचे कामही त्याच्या मागे लागले. अग्नीचा शोध लावणाऱ्याचे स्तवन सर्वांनी केले. राखेने भांडे घासून पाहणाऱ्या पहिल्या स्त्रीचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

आजच्या एखाद्या शहरी वसाहतीत हा इतिहास कपाटातील बाटल्यांच्या रूपाने उभा असलेला दिसतो. लखनौमध्ये गोमती नदीच्या पलीकडे, जुन्या फैजाबाद रस्त्याच्या कडेने पसरलेली इंदिरानगर ही अशीच एक विस्तीर्ण वसाहत आहे. तेथील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात भांड्यांसाठी एक वडी, कपडे धुण्याच्या यंत्रासाठी एक भुकटी, फरशीसाठी एक द्रव, गॅसच्या शेगडीवरील तेलकट चिकट्यासाठी दुसरा द्रव आणि संडासासाठी तिसरा, अशी सामग्री सापडते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरातील सामग्रीही ह्याहून निराळी नसते. नावे अनेक, रंग अनेक, सुवास अनेक. परंतु वेष्टने बाजूला सारून आत काय आहे हे पाहू गेल्यास बहुतेक ठिकाणी दोनच जुने पदार्थ भेटतात. एक क्षार आणि दुसरा आम्ल. साबण व त्याची आधुनिक भावंडे ही त्यांपैकी पहिल्याच्या घराण्यातून पुढे आली. ह्या दोन पदार्थांचा प्रवास पाहू लागल्यास तो स्मृतिग्रंथांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि लोणारच्या सरोवरापासून लखनौच्या माळरानापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्राचीन धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धी नावाचे एक प्रकरण असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही आहे. त्यातील सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना आणि त्यांच्या आधारे माणसामाणसांत उभ्या केलेल्या भिंती ह्या आजच्या विवेकाला मान्य होण्यासारख्या नाहीत. परंतु त्या कल्पनांचा पडदा दूर केला, तर मागे पदार्थांचे एक सूक्ष्म निरीक्षण दिसते. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे ह्यांची भांडी ज्याला जे योग्य असेल त्याप्रमाणे क्षार, आम्ल आणि पाणी ह्यांनी शुद्ध करावीत, असे मनुस्मृती सांगते. ‘ज्याला जे योग्य’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सर्व धातूंना एकच उपाय चालत नाही, हे ज्ञान त्या काळी रूढ झालेले होते. तेथेच पुढे रेशीम आणि लोकर ‘ऊष’ नावाच्या मातीने, व विशिष्ट प्रकारची कांबळी ‘अरिष्टका’ने धुवावीत असे सांगितले आहे. अरिष्टक म्हणजे आपला रिठा. त्या शब्दातील ‘अ’ झिजून गेला, पण फळ तेच राहिले. आणि ऊष म्हणजे खारी माती. ऊष जीत आहे ती भूमी ऊषर. आणि ऊषरचेच हिंदीत ‘ऊसर’ झाले.

हा ‘ऊसर’ शब्द आपल्याला पुन्हा लखनौला घेऊन जातो. गंगा-यमुनेच्या मैदानात, विशेषतः अवधमध्ये, ऊसर जमिनीचे मोठमोठे पट्टे आहेत. पावसाळा ओसरला आणि ऊन तापू लागले की जमिनीखालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर येते, वाळते आणि मागे पांढऱ्या राखेसारखा एक थर ठेवते. ह्या थराला तेथील लोक ‘रेह’ म्हणतात. सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट, सल्फेट आणि साधे मीठ ह्यांचे ते मिश्रण असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने रेह हा शापच. कारण तो जेथे फुटतो तेथे गवताची काडीही उगवत नाही. कालव्यांचे पाणी आल्यानंतर रेह वाढत चालल्याच्या तक्रारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतक्या झाल्या, की सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली.

परंतु जो शेतकऱ्याचा शत्रू, तोच धोब्याचा मित्र होता. गावाबाहेरच्या पडीक माळावरून रेह खरवडून आणायचा, पाण्यात कालवायचा, त्यात मळके कपडे भिजवायचे आणि भट्टीवर वाफ द्यायची, अशी उत्तर हिंदुस्थानातील धोब्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. लखनौची चिकनकारी जगप्रसिद्ध आहे. पण भरतकाम पूर्ण झाल्यावर छापाच्या खुणा आणि हातांचा मळ काढून ते पांढरेशुभ्र करणाऱ्या धोब्याचा उल्लेख क्वचितच होतो. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांनाही आरंभी हाच रेह लागत असे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने, कानपूरच्या रस्त्यावर बंथरा येथे ऊसर जमीन सुधारण्याचे प्रयोग हाती घेतले. तोपर्यंत धोब्याला कारखान्यातील सोडा मिळू लागलेला होता, आणि रेह वेचणारे हात कमी होत चालले होते.

अवधला जसा रेह, तसे महाराष्ट्राला लोणार. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्कापाताने झालेल्या सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे, आणि त्याचे पाणी समुद्राच्या पाण्याहूनही अधिक क्षारीय आहे. २०२० साली त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली, आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. परंतु त्याची जुनी कीर्ती क्षारासाठी होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडाचे वर्णन करताना ह्या सरोवराची नोंद आहे, आणि काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात असे त्यात सांगितले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उघडे पडत. ते काढणाऱ्यांनी प्रत्येक थराला त्याच्या रंगरूपावरून वेगळे नाव दिले होते : दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कपडे धुणे, रंग पक्का करणे, काच ओतणे अशा नाना कामांसाठी हा माल दूरदूर जाई. मराठी गृहिणीच्या डब्यात असलेला पापडखार हा ह्याच कुळातला. पापड फुलविणारा आणि मळ काढणारा पदार्थ मुळात एकच असावा, ही गोष्ट आश्चर्याची वाटली तरी खरी आहे.

मात्र प्रत्येक गावाजवळ लोणार नसते आणि प्रत्येक माळावर रेह फुटत नाही. क्षार मिळण्याचे सर्वांत सुलभ ठिकाण म्हणजे घरची चूल. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या राखेने तेलकट भांडे घासले, की तिच्यातील क्षार तेलाशी संयोग पावतो आणि अल्प प्रमाणात तेथल्या तेथे साबण तयार होतो. राखेतील बारीक कण त्याच वेळी खरवड झिजवितात. नारळाच्या शेंडीची घासणी आणि मूठभर राख एवढ्या दोन वस्तूंवर महाराष्ट्रातील स्वयंपाकघर शतकानुशतके स्वच्छ राहिले. शिवाय डाग पडूच नये ह्याचीही एक युक्ती होती. चुलीवर चढविण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला बाहेरून माती किंवा राख कालवून तिचा लेप देत. काजळी त्या लेपावर बसे, आणि भांडे उतरवून धुतले की लेपाबरोबर निघून जाई.

तांब्या-पितळेचा डाग निराळा. तो वरून बसलेला नसतो. धातूच हवेशी व ओलाव्याशी संयोग पावून काळवंडतो किंवा हिरवा होतो. तेथे राखेने घासून दमले तरी खरी झळाळी येत नाही. त्याला आम्लच पाहिजे. म्हणून देवघरातील उपकरणी आणि पाण्याचे हंडे-कळश्या चिंचेच्या कोळाने घासत. कोठे लिंबाची साल, कोठे आंबट ताक, तर कोकणात आमसूल. चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्यावरील भस्म विरघळविते आणि खालचा धातू उघडा करते. जे आम्ल भांड्याला बाहेरून उजळविते, तेच आत राहिले तर अन्न नासविते. पितळेच्या भांड्यात आमटी किंवा ताक राहिले की ते कळकते, हे मराठी घरातील लहान मुलालाही ठाऊक असे.

ह्या कळकण्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. पुण्याच्या तांबट आळीत घडलेले पातेले असो, नाशिकच्या भांडीबाजारातले असो की मुरादाबादेहून आलेले असो, स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा लागेच. लखनौच्या बावर्चीखान्यातील तांब्याच्या प्रचंड देगांनाही तो लागे. कल्हईवाला दारावर येई, जमिनीत खळगा करून भाता लावी, भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराचा लोट उठताच कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवी. त्यातील नवसागराचे काम डाग काढण्याचेच होते : तापलेल्या तांब्यावरील उरलेसुरले भस्म तो दूर करी, आणि मगच कथील धरे. कल्हईवाला हा एका अर्थी फिरता रसायनशास्त्रज्ञच होता. परंतु त्याच्या विद्येला कोणी शास्त्र म्हटले नाही आणि त्या विषारी धुरापासून त्याच्या छातीचे रक्षणही कोणी केले नाही.

एकोणिसाव्या शतकात ह्या साऱ्या घरगुती व्यवस्थेला युरोपातील कारखान्यांनी धक्का दिला. तेथेही आधी राखच होती. अरबी भाषेत क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेला ‘अल्‌-कली’ म्हणत. त्यावरून ‘अल्कली’ हा शब्द युरोपात रूढ झाला. हंफ्री डेव्हीने १८०७ साली जो नवा धातू वेगळा केला, त्याला त्याने भांड्यात आटविलेल्या राखेवरून पोटॅशियम हे नाव दिले. पण वाढत्या कापड, काच व साबण धंद्यांना राख पुरेना. तेव्हा फ्रान्समधील निकोला लब्लां ह्याने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधली. तिचा हक्क त्याला १७९१ साली मिळाला. ह्या कृतीत हायड्रोक्लोरिक आम्लाचे लोट हवेत सुटत, आणि कारखान्यांच्या आसपासची झाडे जळून जात. इंग्लंडमध्ये १८६३ साली त्यासाठी कायदा करून हे आम्ल कोंडून ठेवणे भाग पाडण्यात आले. टाकाऊ म्हणून अडविलेले आम्ल अशा रीतीने बाजारात मुबलक झाले. त्याच सुमारास बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हे ह्याने अधिक स्वस्त व स्वच्छ कृती काढली आणि लब्लांची कृती हळूहळू मागे पडली. ह्या दरम्यान चार्ल्स टेनंटने १७९९ साली ब्लीचिंग पावडरचा हक्क घेतला होता. आजच्या कपाटातील बाटल्यांची मूळ मंडळी अशी एकामागून एक जन्मास आली.

हिंदुस्थानात १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या, आणि विलायती साबणाचा संसार येथे थाटला गेला. साबण हा केवळ मळाचा प्रश्न राहिला नाही. तो स्वदेशीचा प्रश्न झाला. विलायती साबणात जनावरांची चरबी असे, आणि ती येथील अनेकांना निषिद्ध होती. मुंबईत कुलपे व तिजोऱ्या करणारे अर्देशिर गोदरेज ह्यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलापासून धुण्याचा साबण काढला, त्यामागे ही दोन्ही कारणे होती. ह्याच गृहस्थांनी पुढे टिळक स्वराज्य फंडास तीन लाख रुपये दिले. परंतु साबणासाठी लागणारा सोडा मात्र बाहेरूनच येई. ती उणीव भरून काढण्याचा उद्योग बडोदे संस्थानच्या ओखामंडळात झाला. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात कपिलराम वकील ह्यांनी मिठाचा कारखाना काढला, आणि त्याच भूमीवर १९३९ साली मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. मिठापासून सोडा करण्याचे हे काम सोपे नव्हते; त्याची गुपिते परदेशी कंपन्या कडेकोट सांभाळीत. ती येथल्या तंत्रज्ञांनी स्वतः उलगडली.

सोडा आला, साबण आला. पण तोपर्यंत भांडेच बदलू लागले होते. मद्रासच्या कलाशाळेतील आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी करण्यास आरंभ केला. हलके, स्वस्त आणि कल्हईवाचून चालणारे हे भांडे गरिबांच्या घरात लवकर शिरले. त्याच्याबरोबर एक नवी अडचणही शिरली. पितळेला ज्या राखेने आणि सोड्याने घासत, त्याच पदार्थांनी ॲल्युमिनियम काळे पडू लागले. कारण त्या धातूचे रक्षण करणारा पातळ पापुद्रा क्षारात विरघळतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान नव्या धातूपुढे उलटे ठरले. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले, तेव्हा ही गोष्ट घरोघरी प्रत्ययास आली. कुकरच्या तळाशी पाणी उकळते, त्यातील क्षारांमुळे आतली बाजू काळवंडते. ह्यावर कोणा गृहिणीने तळच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचे बुटुक टाकून पाहिले, आणि कुकर पांढरा राहिला. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. शेजारणीने शेजारणीला सांगून ती देशभर पसरली. ‘ज्याला जे योग्य’ हे जुने सूत्र अशा रीतीने नव्या भांड्यालाही लागू झाले.

पुढे स्टेनलेस स्टील आले. लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली ह्याने शेफिल्ड येथे १९१३ साली केले होते. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरांत त्याची भांडी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पसरली, आणि मोडीत निघालेल्या पितळेच्या बदल्यात कित्येक घरांत स्टीलचे डबे आले. कल्हईवाल्याची हाक त्याबरोबर विरळ झाली. गॅसच्या शेगडीने चूल विझविली, तेव्हा राखही गेली. वीजेवर पाणी तापविणारी यंत्रे आणि कपडे धुणारी यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर पाण्यातील चुन्याच्या पापुद्र्याचा डाग आला. गंगेच्या मैदानातील भूजल जड असते. तेथील मातीत चुन्याचे कंकर जागोजाग सापडतात. असे पाणी तापविले की चुना तळाशी व नळीवर घट्ट बसतो, आणि कितीही साबण लावला तरी तो जात नाही. साबणाचा तर जड पाण्यात चिकट साका होतो. येथेही उपाय आम्लाचाच : लिंबाच्या फुलांचे पाणी किंवा शिरका ओतला की चुना फसफसून विरघळतो. वीजेच्या यंत्राच्या पोटात शेवटी चिंच-लिंबाचेच तत्त्व कामी येते.

जड पाण्याचा प्रश्न साबणापुरता सोडविला तो कृत्रिम अपमार्जकांनी. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेल आणि चरबी दुर्मीळ झाली, तेव्हा १९१६ साली अशा पदार्थाचा उपयोग तेथे झाला. अमेरिकेत १९४६ साली ‘टाइड’ आले. भारतात १९५० नंतरच्या दशकात ‘डेट’ आणि ‘सर्फ’ ह्यांच्या भुकट्या दिसू लागल्या. त्या भुकट्या महाग होत्या. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल ह्यांनी घरच्या आवारात पिवळी भुकटी कालवून सायकलवरून विकावयास आरंभ केला, आणि ‘निरमा’ने ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. पाठोपाठ भांडी घासण्याच्या वड्या आल्या. राखेचा, वीटकरीच्या पुडीचा आणि रिठ्याचा अंमल त्या पिढीत संपुष्टात आला.

तरी पितळ आणि तांबे देवघरातून गेले नव्हते. ठाण्यातील रवींद्र प्रभुदेसाई ह्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘पितांबरी’ ही भुकटी काढली, ती ह्याच भांड्यांसाठी. समई, निरांजन आणि ताम्हन चिंचेने घासण्यास ज्या घरांत वेळ उरला नव्हता, त्या घरांत ती शिरली, आणि एका मराठी उद्योगाचे नाव पितळेच्या झळाळीशी जोडले गेले. परंपरेतील काम आणि आधुनिक घरातील अपुरा वेळ ह्यांची सांगड घातली, की बाजारपेठ आपोआप उभी राहते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

येथवर पदार्थांची कथा झाली. परंतु पदार्थ आपण होऊन डाग काढीत नाहीत. कोणाचे तरी हात त्यांच्यामागे असतात. जाहिरातीतील हात नेहमी गोरे, नाजूक आणि हसऱ्या गृहिणीचे असतात. प्रत्यक्षात शहरांतील असंख्य घरांची भांडी मोलाने काम करणाऱ्या स्त्रिया घासतात. राखेच्या जागी सोडा आला, सोड्याच्या जागी अपमार्जक आले. त्याबरोबर त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा आणि चिखल्याही आल्या. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी पगारवाढ आणि रजेच्या मागणीसाठी संप पुकारला. एकेकट्या घरांत, एकमेकींपासून दूर काम करणाऱ्या ह्या स्त्रिया रस्त्यावर एकत्र आल्या, आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा होण्यास त्यानंतरही २००८ साल उजाडावे लागले. भांड्याचा डाग किती मिनिटांत निघतो ह्याची स्पर्धा कंपन्यांत जोरात चालली. तो काढणारीला आठवड्यातून एक दिवस विश्रांती असावी, हे ठरावयास मात्र तिला स्वतःलाच उभे राहावे लागले.

आम्लाची कथा तर ह्याहूनही दारुण आहे. लब्लांच्या कारखान्यात अडविलेले हायड्रोक्लोरिक आम्ल कालांतराने संडास धुण्याची वस्तू म्हणून वाण्याच्या दुकानात आले. गल्लोगल्ली, सुट्या बाटलीत, काही रुपयांना ते मिळे. फरशीवरील पिवळा डाग काढणारी ती बाटली सूडाने पेटलेल्या माणसाच्या हाती पडली, की स्त्रीच्या चेहऱ्यावर रिकामी होई. लक्ष्मी नावाच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्या अर्जावर न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला : विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवल्यावाचून व ओळखपत्र पाहिल्यावाचून आम्ल विकू नये, आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ते देऊ नये. त्याच वर्षी दंडसंहितेत ह्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलमही घालण्यात आले. लखनौला, इंदिरानगरापासून फारशा दूर नसलेल्या गोमतीनगरात, २०१६ साली ‘शीरोज हँगआउट’ हे उपाहारगृह सुरू झाले. ते चालविले ते अशा हल्ल्यांतून वाचलेल्या स्त्रियांनी. त्यांनी चेहरा झाकला नाही. ज्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर डाग पाडला, त्यांची लाज आपण का वाहावी, असा प्रश्न त्यांच्या नुसत्या तेथे असण्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे उभा राहिला. चिंचेच्या बुटुकापासून आरंभ झालेला आम्लाचा इतिहास ह्या स्त्रियांना वगळून पूर्ण होत नाही.

धोका केवळ दुष्टाच्याच हातात असतो असेही नाही. अज्ञानही तितकेच घातक ठरते. अधिक स्वच्छतेच्या हौसेने कोणी ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र ओतले, तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ज्या वायूचा पहिल्या महायुद्धात सैनिकांवर प्रयोग झाला, तोच वायू दार लावलेल्या न्हाणीघरात तयार होतो. क्षाराचे आणि आम्लाचे गुण वेगळे आहेत, ते ज्याच्या त्याच्या जागी वापरावेत, ही शिस्त जुन्या मोरीत आपोआप पाळली जाई; कारण तेथील राख व चिंच चुकून एकत्र आली तरी अनर्थ होत नसे. बाटल्यांच्या युगात ती शिस्त शिकून घ्यावी लागते.

शेवटी उरतो पाण्याचा प्रश्न. डाग नाहीसा होत नसतो. तो भांड्यावरून सुटून पाण्यात जातो, आणि पाणी त्याला सोडणाऱ्या द्रव्यासह नदीकडे जाते. राख-चिंचेच्या काळी हे पाणी परसातल्या केळीला किंवा अळवाला मिळे. पहिल्या पिढीतील अपमार्जकांचे रेणू फांद्या फुटलेल्या झाडासारखे होते; जंतूंना ते पचत नसत. त्यामुळे १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, अमेरिकेतील उद्योगाने १९६५ च्या सुमारास सरळ साखळीचे रेणू वापरण्यास आरंभ केला, आणि तो फेस बराचसा ओसरला. परंतु शुद्ध न करता सोडलेल्या मैलापाण्याबरोबर अपमार्जक आणि फॉस्फेट नदीत मिसळतच राहिले, तर सुधारलेला रेणूही पुरा पडत नाही. दिल्लीजवळ यमुनेवर हिवाळ्याच्या तोंडाशी दिसणारा पांढरा फेस ह्याची साक्ष देतो. लखनौच्या इंदिरानगराजवळून कुकरैलचा प्रवाह वाहतो. तो मुळात नदी होता; पुढे शहराचे सांडपाणी वाहून त्याचे नाव ‘नाला’ पडले, आणि अलीकडे त्याला पुन्हा नदी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. तो गोमतीला मिळतो, आणि गोमती गंगेला. कोणा एका घरातील शेगडीवरचा चिकटा अशा वाटेने अखेर गंगेपर्यंत पोहोचतो.

अवधच्या माळावर रेह फुटतो तेव्हा शेतकरी त्याला भूमीचा रोग मानतो. तोच क्षार कारखान्यातून पुडीत बंद होऊन आला की आपण त्याला स्वच्छता म्हणतो. स्मृतिकारांनी क्षार आणि आम्ल ह्यांच्याबरोबर तिसरे नाव पाण्याचे घेतले होते, आणि ते शेवटी घेतले होते. कारण पहिल्या दोघांनी सोडविलेला मळ अखेर त्यालाच वाहून न्यावा लागतो. क्षार मिठापूरला हवा तितका तयार होतो, आम्ल कारखान्यांत हवे तितके मिळते. तिसऱ्याचा मात्र कारखाना नाही. भांडे उजळले की काम संपले असे मानण्याची सवय जुनी आहे. मोरीतून बाहेर पडलेल्या पाण्याची आणि मोरीपाशी बसलेल्या हातांची वास्तपुस्त करणे हा त्याच कामाचा राहिलेला भाग आहे.